गढीचा सिनेमा

ऑक्टोबर उजाडला की माझ्या अंगात येतं. दुसरा शब्दच नाही त्याला. खरं तर आमच्या घरात हा शब्द उच्चारायची सोय नव्हती, कारण अंगात आलेल्यांना भानावर आणण्यात माझ्या बाबांनी अर्धं आयुष्य घालवलं. पण शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले, समोरच्या मेपलनं अंगावरचं हिरवं उतरवून लाल नेसलं, ऑफिसातल्या रिसेप्शनच्या काउंटरवर कुणीतरी कापसाचं कोळीजाळं पसरलं, की मी, पन्नाशीला टेकलेली, बीपीची गोळी खाणारी बाई, चक्क शीळ घालत पार्किंग लॉट ओलांडते. शॉमबर्गमध्ये मला ओळखणारे लोक म्हणतात, मीनाताई, तुमच्या दसऱ्याला अमेरिका बरीच मानवलेली दिसतेय. मी म्हणते, दसरा नव्हे हो, गढी.

यंदा तर कहर झाला. परवा रेवाचा फोन आला. रेवा माझी लेक, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी शिकते, मी शिकले तिथेच. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, असं आमचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं आहे. म्हणाली, "आई, गेस व्हॉट! सॅटरडेला तुझी कॅसल मूव्ही आहे. मॅटिनी!"

तुझी मूव्ही! जशी काही मीच इटलीला जाऊन काढली. पण ऐकलं आणि हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

आमच्या घरी भुतांना बंदी होती. नागपूरच्या आमच्या वस्तीत लाइट गेले की बायकापोरं ओट्यावर जमायची आणि गोष्टी निघायच्या. विहिरीतली हडळ, पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची बाई. मी जीव कानात गोळा करून ऐकायची आणि घरी आल्यावर बाबांना विचारायची. बाबा शाळेत सायन्स शिकवत. वर्गात अगदी पुस्तकी बोलत, घरात मात्र त्यांची वऱ्हाडी मोकळी सुटायची. चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "उलट्या पावलाची बाई चालन कशी? टाच पुढं आली त तोल कसा सावरन? तूच चालून पाह्य." मग मी अंगणात मागे मागे चालून बघायची, धपकन आपटायची, आणि हडळ तिथेच संपायची. माझ्या मैत्रिणींना भुतं मिळाली. मला स्पष्टीकरणं मिळाली. तेव्हा त्याचं फार वाईट वाटायचं.

रविवारी बाबा खाकी कापडाची पिशवी खांद्याला अडकवून गावोगाव जायचे. पिशवीत हळद, चुना, लिंबं, काळी बाहुली, घुंगरू, कापूर. कार्यक्रमाची सुरुवात आई करायची. तीच तर खरी गंमत! माझी आई, एरवी चारचौघांत पदर ढळू न देणारी, केस मोकळे सोडून अशी काही घुमायची की पुढे बसलेले लोक मागे सरकायचे आणि मागच्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. गाव पुरतं टरकलं की आई मध्येच थांबायची, केसांचा अंबाडा बांधायची आणि म्हणायची, "झालं माझं. आता गुरुजी सांगतील मी हे कसं केलं ते." हशा पिकायचा. मग बाबा हळदीच्या पाण्याचं रक्त करून दाखवायचे. लोक 'आ' करून बघत असताना सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस हेरायचे, त्यालाच पुढे बोलवायचे आणि त्याच्याच हातानं तो चमत्कार करवून घ्यायचे. "घाबरलेल्याले समजावून सांगू नये," ते म्हणत, "त्याच्या हाती काम द्यावं." हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून, तर गावच्या गढीतून. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावात टेकाडावर एक पडकी गढी होती. आत भूत आहे असं सगळं गाव सांगे, आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या लोकांना तर मुद्दाम बोलावून सांगे. बाबा पोरवयात एका भर दुपारी आत शिरले. आत होत्या चिंचेची झाडं, लगडलेली. खिसे भरून चिंचा घेऊन आले आणि कायमचे शहाणे झाले. "भूत म्हंजे मालकाचा फुकटचा चौकीदार," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलंय की अजूनही 'प्रवेश बंद'ची पाटी दिसली की जिभेवर चिंच येते.

अशा घरातून मी स्टेट कॉलेजला मटेरियल सायन्सचं मास्टर्स करायला आले, ऐंशीच्या दशकात. डोंगरांच्या मधोमध वाटीत ठेवल्यासारखं ते गाव. एक कॅम्पस, त्याभोवती फिरणाऱ्या बस, आणि तुरीची डाळ हवी तर कुणाच्या तरी गाडीतून तासन्‌तास जायचं. माझी रूममेट होती पुण्याची शुभा. पेपर लिहिताना वाघीण, आणि बाथरूममधला दिवा गेला तर "मीने, ये ना गं बाहेर उभी राहायला" म्हणणारी. आम्ही कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करायचो, दोघींत एक कोट आलटून पालटून घालायचो आणि फार सुखात होतो.

तिथला ऑक्टोबर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कळेचना की एवढं करायचं काय. ऊन मधासारखं, हवा कापणारी, आणि झाडांनी असा उजेड पाडलेला की ढगाळ दिवशीही लायब्ररीच्या खिडक्या पिवळ्या दिसायच्या. पानांत पाय घालून चालायचं, ती कुरकुर, तो ओलसर, थोडा सफरचंदासारखा वास. आणि जिकडे बघावं तिकडे सांगाडे! बँकेत सांगाडा, न्हाव्याच्या दुकानात सांगाडा, प्राध्यापकाच्या दारावर चेटकीण. भुतांना बंदी असलेल्या घरातली मी, आणि हा अख्खा देश महिनाभर हौसेनं भुतं पाळणारा. मी हरखून गेले.

त्यातच मला फिल्म सोसायटी सापडली. डग नावाचा गणिताचा विद्यार्थी ती चालवायचा. उंच, कोपरावर विरलेला स्वेटर, बोलणं कमी. त्याला प्रोजेक्टर चालवायला माणूस हवं होतं आणि माझे हात लॅबमध्ये मशिनं उघडून तयार झालेले. रीळ चढवायचं, फिल्म चाकांमधून ओवून घ्यायची, लूप नीट सोडायचा, शिवणाच्या मशिनीत दोरा ओवावा तसंच. एका दुपारी डग पत्र्याच्या डब्यातून रिळं घेऊन आला. म्हणाला, इटालियन आहे, जुनी, ब्लॅक अँड व्हाइट, ट्राय करून बघू. त्या सिनेमाचं नाव मला आजतागायत धड उच्चारता येत नाही. आमच्यात त्याला पहिल्या दिवसापासून 'गढीचा सिनेमा' म्हणतात.

रिकाम्या हॉलमध्ये मी एकटी प्रोजेक्टरशी उभी. पडद्यावर धुकं. धुक्यातून वर आलेली गढी, तिचे बुरूज, आणि एकाच खिडकीत उजेड. घोडागाडीतून एक पोरगी उतरते. जुनी चित्रं दुरुस्त करणारी, कामासाठी आलेली. गढीचा मालक एक म्हातारा उमराव, त्याची बायको मेलेली. रोज तो जेवायला बसतो आणि समोरच्या खुर्चीपुढे तिचं ताट मांडतो. नोकर वाढतात. कोणी काही बोलत नाही. मग ती पोरगी हातात तीन मेणबत्त्यांचा दिवा घेऊन लांबच लांब बोळातून निघते आणि तिच्या मागे, अगदी हळू, एक दार उघडतं.

आणि मला भीती वाटली! खरीखुरी, मानेवरचे केस उभे करणारी, जन्मात पहिल्यांदा. काय सांगू किती आनंद झाला! मी प्रोजेक्टरच्या चौथऱ्याचा कठडा घट्ट धरून हसत होते. खाली उतरून आधी शुभाला फोन केला, "अगं, मला भीती वाटली!" ती म्हणाली, "मग त्यात ओरडतेस काय एवढी? मला रोज वाटते."

बाबा आले ते त्याच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबरच्या तोंडावर. आई गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नागपूरहून दादा फोनवर सांगायचा, बाबा बोलत नाहीत. पिशवी खुंटीला टांगलीय. कार्यक्रमाला बोलवायला कोणी आलं तर घरात नाही म्हणून सांगायला लावतात. मी हट्टच धरला, बाबांना इकडे पाठव, आणि पिशवीसकट पाठव. मला एकच हवं होतं. त्यांनी ती पिशवी पुन्हा उघडावी. बाबांचं बोलणं, हसणं, चिडणं सगळं त्या पिशवीत होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पिशवी आली. कस्टमच्या माणसानं काळी बाहुली दोन बोटांत धरून उचलली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सायन्स टीचर." त्यानं आणखी काही विचारलं नाही. घरी आल्यावर बाबांनी ती पलंगाखाली सरकवली आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसले. तिथेच बसत गेले. बाहेर पानं गळत होती, ते बघायचे. जेवलात का, हाव. फिरायला जाऊ या का, नको. शुभा बिचारी त्यांना हसवायला पुण्याचे सगळे विनोद सांगून थकली.

फक्त सकाळी ते स्वतःहून काही करायचे. आम्ही उठायच्या आत चहा. दोरीवाल्या चहाच्या पुड्या कात्रीनं कापून, पूड भांड्यात उपसून, आलं ठेचून चांगला उकळायचे. टेबलावर दोन कप ठेवायचे, एक आपल्यापुढे, एक समोरच्या खुर्चीपुढे, आणि अंघोळीला जायचे. मी बस गाठायच्या घाईत समोरचा कप उभ्या उभ्या घटाघटा प्यायची, तोंड बाहीला पुसायची आणि पळायची. शुभा कॉफीवाली, तिचा प्रश्न नव्हता. बाबा अंघोळ करून आले की दारात थांबून माझ्याकडे नुसते बघायचे. मला वाटायचं, लेकीची किती धावपळ होते, ते बघताहेत.

विजयादशमीला आम्ही टेबलावर मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला बसलो. नागपुरात असतो तर दीक्षाभूमीला पांढऱ्या कपड्यांचा समुद्र असता, आईनं पहाटेपासून बुंदी आणि पुऱ्यांची टोपली भरली असती, अनोळखी माणसांना हाताला धरून जेवू घातलं असतं. घरी वंदनेचा सूर आई धरायची. मी धरला, तो फार वर गेला. बाबा दोन ओळी म्हणाले आणि थांबले. मेणबत्ती जळत राहिली.

मग तो सिनेमा पुन्हा आला. आदल्या वर्षी लोकांना आवडला म्हणून डगनं हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी दुपारचा खेळ ठेवला होता. मी बाबांना म्हटलं, चला ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. "भुताचा? मी?" एवढंच म्हणाले, पण कित्येक दिवसांत एवढं लांबलचक बोलले नव्हते. मी गप्प बसले. गप्प बसली नाही ती शुभा. ती त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच जाऊन बसली. "काका, मीना तर वर मशीनपाशी असणार. मला एकटीला खाली बसायला लागेल. मला खरंच खूप भीती वाटते हो. तुम्ही आलात तर बरं होईल."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा कपाळावर गेला. "भेतं तू?"

"खूप, काका."

"मंग त यावं लागन," बाबा म्हणाले आणि स्वेटर शोधायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल दाबून हसले.

हॉल खच्चून भरला होता. पोरं चेटकिणींच्या टोप्या घालून, कुणी चादर पांघरून आलेली. बाहेर लखलखीत ऊन आणि आत पडदे ओढून केलेला अंधार. बाबा आणि शुभा मधल्या रांगेत, मी मागे प्रोजेक्टरशी, तिथून मला त्यांची डोकी दिसत होती. सिनेमा सुरू झाला आणि बाबांचा वर्गही सुरू झाला. त्यांना वाटत होतं ते हळू बोलताहेत. चाळीस पोरांच्या वर्गाची सवय असलेला माणूस हळू म्हणजे किती हळू बोलणार? "ते धुकं नाही, बर्फाचा धूर हाय. आन् पाह्य, मेणबत्तीचीच सावली भिताडावर पडली! म्हंजे उजेड दुसरीकडून हाय. कच्चं काम हाय." शुभा 'हो काका, हो काका' करत होती. पुढचा एक पोरगा वळून बघायला लागला. माझा जीव टांगणीला. पण मला ते ऐकूनच इतकं बरं वाटत होतं! बाबा बोलत होते. कच्चं काम म्हणत होते. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणारा माणूस जिवंत असतो.

मग उमराव जेवायला बसला. ताट मांडलं गेलं. बाबा गप्प झाले.

मी रीळ बदललं, दिवे लागले, दिवे गेले, तरी ते गप्पच. मला कळेना, चुकलं का माझं? आणायला नको होतं का? आता पुढे तो बोळ येणार होता. आला. ती पोरगी तिचा तीन मेणबत्त्यांचा दिवा घेऊन निघाली. हॉलमध्ये चिटपाखरूही हलेना. तिच्या मागे दार किलकिलं झालं. दारातून आधी एक हात आला, मग पांढरी बाही, आणि ती मेलेली बायको, केस मोकळे सोडलेली, हळूहळू बाहेर आली. पोरीला पत्ताच नाही. ती एका चित्रापुढे थांबून धूळ पुसत होती.

बाबा उठून उभे राहिले. अख्ख्या हॉलमध्ये एकटेच उभे, प्रोजेक्टरच्या झोतात त्यांचं डोकं पडद्यावर काळं उमटलेलं, आणि वर्ध्याच्या शेतातून शेतात हाक मारावी तशा आवाजात ओरडले,

"अवं बाई! मांगं पाह्य! मांगं पाह्य नं व!"

मागे बघ! आयुष्यभर ज्यांनी गावोगाव सांगितलं की बाई गं, मागे कोणी नसतं, सरळ पुढे चाल, ते माझे बाबा! मी प्रोजेक्टरवर ओणवी होऊन थिजले. मग हॉल असा फुटला हसण्यानं! आणि टिंगलीचं हसणं नव्हे ते. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. चादरवाल्या पोरानं विचारलं, व्हॉट डिड ही से? शुभा, जिची भीतीनं गाळण उडाली होती ती शुभा, खुर्चीवर चढून ओरडली, "लुक बिहाइंड यू! ही सेड लुक बिहाइंड यू!" पुढच्या खेपेला ती बायको खांबाआडून आली तेव्हा चेटकिणीची टोपी घातलेली एक मुलगी ओरडली, "मांगं पाय!" त्याच्या पुढच्या खेपेला अर्धा हॉल. शेवटी शेवटी तर सगळाच्या सगळा हॉल, पेनसिल्व्हेनियाची, ओहायोची गोरी गोमटी पोरं, घसा ताणून वऱ्हाडीत कोकलत होती आणि माझे बाबा मधल्या रांगेत उभे राहून हातवारे करत त्यांना सूर देत होते. डग माझ्याजवळ येऊन म्हणाला, तुझे वडील दर वर्षी येऊ शकतील का?

बाहेर आलो तर ऊन कललेलं. शुभा डगला सिनेमातलं काहीतरी समजावत मागे राहिली. बाबा आणि मी एल्मच्या झाडांखालून चालत होतो, पानांत पाय ओढत. बाबांचा चेहरा तांबूस झाला होता. "पोट्टे चांगले हायेत," ते म्हणाले. वाकून एक लाल पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "तो म्हातारा ताट ठेवे नं."

"हो."

"मी कप ठेवत होतो."

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मीही चालू लागले.

"तुही माय गेल्यावर. सकायी दोन कप. म्हटलं, जन्मभर लोकायले सांगितलं का मेलेलं मानूस वापस येत नाही. एकदा आपन तपासून त पाहू. प्रयोग कराले काय जाते?"

"मग?"

"मंग काय. साय धराची. थंडा व्हाचा. मोरीत वतून द्याचा." पायानं त्यांनी पानांचा एक ढीग उडवला. "आन् इथं आलो त पह्यल्याच दिवशी कप रिकामा! अंघोय करून येतो त रिकामा! सांगतो तुले, माह्या अंगावर असा काटा आला. दुसऱ्या दिवशी लवकर निंघालो बाहेर, त तू! बाहीले तोंड पुसून रायली."

मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू आलं, दोन्ही एकदम, नाक वाहायला लागलं. बाबाही हसत होते. चष्मा काढून पुसत होते आणि हसत होते. मग म्हणाले, "मी भेलो नसतो व तिले. उलट्या पावलानं आली असती तरी चाललं असतं. पन कोनी येत नाही. माह्यंच खरं निंघालं, बाई."

जन्मभर ज्या वाक्यासाठी त्यांनी लोकांशी भांडणं केली, ते जिंकलेलं वाक्य त्यांनी असं म्हटलं. मी त्यांचा हात धरला. खूप दिवसांनी धरला होता. घरापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तीन कप होते. बाबा, मी आणि शुभा. "कॉफी बंद," बाबा तिला म्हणाले, "कॉफीनं भेव वाढते." हे त्यांनी त्याच क्षणी रचलं होतं, पण शुभानं निमूट चहा घेतला.

आणि हॅलोविनच्या संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, अपार्टमेंटमधली चिल्लीपिल्ली दारोदार फिरायला लागली. पहिली बेल वाजली. दारात एक एवढंसं भूत आणि एक वाघ. बाबांनी दोघांना न्याहाळलं. "थांबा," म्हणाले, चांगलं मराठीत म्हणाले, आणि आत गेले. मला पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

खाकी पिशवी खांद्याला लावून बाबा बाहेर आले! हळदीच्या पाण्याचा ग्लास, चुन्याच्या निवळीचा ग्लास, सगळं टेबलावर मांडलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "पन आधी घुमाले कोनी त पाहिजे." आणि त्यांची नजर शुभावर थांबली. सगळ्यात जास्त घाबरणारी शुभा! "काका, मी? छे हो, मला नाही जमणार." "केस सोड," बाबा म्हणाले. तिनं सोडले. घुमायला लागली ती अशी, जसं ओले केस वाळवते आहे. बाबांना राहवेना. "तशी नाही, तशी नाही! मान खालून आणाची. माही बायको अशी घुमे, पाह्य." आणि ते स्वतः गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि घुमून दाखवायला लागले. टकलावर जेमतेम चार केस, पण मानेचा तो हेलकावा, तो श्वास, मध्येच थांबून खांद्यावरून बघणं... अगदी आई. मी भिंतीला टेकून बघत होते. माझ्या आईचं घुमणं त्यांच्यात इतकं तंतोतंत जपलेलं असेल याची मला कल्पना नव्हती.

त्या संध्याकाळी आमच्या दारापुढे रांग लागली. शुभा घुमायची, पोरं किंचाळायची, ती अंबाडा बांधून "दॅट्स ऑल" म्हणायची. मग पिवळं पाणी लाल व्हायचं. सगळ्यात लहान भुताच्या हातात बाबा चुन्याचा ग्लास द्यायचे. "नाऊ यू डू," एवढंच इंग्लिश. त्या पोराच्या चादरीच्या भोकांतून दिसणारे डोळे मी विसरणार नाही. आया दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. हळद संपली, तर शुभा शेजारच्या गुजराती घरी धावत गेली.

बाबा डिसेंबरात परत गेले, आणि दादाचा फोन आला तो तक्रारीचा. घरात टिकतच नाहीत म्हणे, वस्तीतल्या दोन पोरींना घुमायला शिकवलंय, त्यांना घेऊन वणवण हिंडतात. पुढे कितीतरी वर्षं हिंडले. शुभा आता सिएटलला असते, न चुकता हॅलोविनला हळद विकत आणते. बाबा गेले त्यालाही बरीच वर्षं झाली.

तो आवाज मात्र स्टेट कॉलेजला राहिला. डगनं पुढच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. गढीच्या सिनेमात बोळ आला की ओरडायचं, ही तिथली रीतच पडली. बऱ्याच जणांना ते इटालियन वाटतं, असं रेवा सांगते. पहिल्या वर्षी तिनं उभं राहून सांगितलं म्हणे, दॅट्स माय ग्रँडपा. कोणी विश्वास ठेवला नाही.

आज शनिवार. दुपारी रेवाचा फोन वाजला. कुजबुजत म्हणाली, "आई, डोन्ट टॉक, जस्ट लिसन." मी फोन स्पीकरवर ठेवला, ओट्यावर, चहाच्या भांड्याशेजारी. हॉलची ती भरलेली शांतता मी लगेच ओळखली. मग व्हायोलिनचा ताणलेला सूर. बोळ आला. ती पोरगी निघाली असणार, मेणबत्त्या हातात, आणि मागे दार. चहा उतू जायला आला होता, मला गॅस बंद करायचं भान नव्हतं. आणि मग तो अख्खा हॉल, कोण कुठली ती पोरं, एका सुरात माझ्या स्वयंपाकघरात ओरडली,

"मांगं पाह्य!"

आणि मी, गुरुजींची लेक, अंगणात उलटं चालून शहाणी झालेली, गर्रकन मागे वळले.

कोणी नव्हतं. बाबांचंच खरं निघालं.